मानवी हक्कांची चळवळ : संस्थापक कोण, पक्षकार कोण?

मानवी हक्कांच्या संघटनांचा इतिहास आपल्याकडे बहुधा आणीबाणीपासून सांगितला जातो. २५ जून १९७५ ची रात्र, दिल्लीच्या वर्तमानपत्रांची तोडलेली वीज, पहाटे उचललेले नेते, पुढच्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला तो निकाल आणि न्यायमूर्ती खन्नांचे एकट्याचे विरोधी निकालपत्र. आणि मग १७ ऑक्टोबर १९७६ रोजी दिल्लीत स्थापन झालेली 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमोक्रॅटिक राइट्स' ही देशपातळीवरची संघटना. प्रेरणा जयप्रकाश नारायण यांची, उद्घाटन आचार्य कृपलानींच्या हस्ते, अध्यक्ष व्ही. एम. तारकुंडे. वक्ता अधिक अभ्यासू असला तर तो मागे १९३६ पर्यंत जातो, पंडित नेहरूंनी पुढाकार घेऊन काढलेल्या 'इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन'चा उल्लेख करतो आणि थांबतो. अशा कितीतरी व्याख्यानांना मी विद्यार्थ्यांसह बसलो आहे. बोलणारे प्रामाणिक असतात, त्यांच्यापैकी काहींनी तुरुंगही पाहिलेला असतो. त्यांच्या हेतूंवर शंका घेण्याचे कारण नाही. पण या इतिहासात महाड कोठे आहे, हा प्रश्न विचारला की व्यासपीठावर थोडी चुळबूळ होते. 'ती सामाजिक सुधारणेची चळवळ होती', असे उत्तर मिळते. हे उत्तरच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

महाडचा प्रसंग नीट पाहू. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. म्हणजे कागदावर हक्क मिळालेला होता. सरकार आडवे आलेले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि परिषदेला जमलेले लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून जे काठ्या घेऊन धावून आले ते गावातलेच लोक होते. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा आपल्या बाजूचा निकाल लागला तो मार्च १९३७ मध्ये. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबर परिषदेत, म्हणजे मनुस्मृती जाळली त्या परिषदेत, बाबासाहेबांनी महाडच्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली होती आणि माणसाच्या जन्मसिद्ध समतेची घोषणा करणारे ठराव तेथे मांडले गेले. याला केवळ सामाजिक सुधारणा म्हणायचे असेल तर फ्रान्सच्या जाहीरनाम्यालाही तसेच म्हणावे लागेल.

अडचण कोठे आहे ते येथे दिसते. नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीची जी व्याख्या नेहरूंनी केली आणि पुढे सर्वांनी कमीअधिक फरकाने स्वीकारली ती अशी की, नागरी स्वातंत्र्य म्हणजे सरकारला विरोध करण्याचा हक्क. व्याख्या चांगली आहे. परकी सत्तेखाली ती आवश्यकही होती. पण ती ज्याच्या अनुभवातून आली त्याला पाणवठ्यावर कोणी अडवलेले नव्हते. त्याचा झगडा सुरू होतो तो पोलीस दारात आल्यावर. आमचा झगडा पोलीस चौकीत तक्रार नोंदवून घेत नाहीत तेथून सुरू होतो, आणि त्याच्याही आधी गावच्या चावडीत, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत तो चाललेला असतो. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आईला 'नागरी स्वातंत्र्य' म्हणजे काय हे समजावून सांगताना मी आजही अडखळतो; पण 'हक्क' म्हटले की ती लगेच बोटांवर मोजू लागते : पाणवठा, गायरान, रेशनकार्ड, मसणवट्याची वाट. यातल्या प्रत्येक ठिकाणी सरकार कुठेतरी असतेच, पण ते गावाच्या मागे उभे असते.

आता १९३२ कडे वळतो, कारण देशपातळीवरची हक्कांची संघटना कशी असावी याचा पहिला संपूर्ण आराखडा त्या वर्षी लिहिला गेला आणि तो बाबासाहेबांनी लिहिला. दुर्दैवाने हक्कांच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे त्याची दखल घेत नाहीत. पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ रोजी झाला. त्यानंतर आठवडाभरात, ३० सप्टेंबरला, मुंबईच्या सभेत अखिल भारतीय अस्पृश्यता निवारक संघाची स्थापना झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्करबाप्पा. आरंभी मध्यवर्ती मंडळात बाबासाहेबांचेही नाव होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला बोटीने जात असताना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी त्यांनी ठक्करबाप्पांना एक लांब पत्र लिहिले. पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात त्यांनी ते छापले आहे, तेव्हा ते आज कोणालाही वाचता येते.

पत्राचा विचार असा. दलित वर्गाच्या उद्धाराचे दोन मार्ग संभवतात. पहिल्या मार्गाचे लोक समजतात की दोष व्यक्तीत आहे. म्हणून ते दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय, सहकार यांवर पैसा खर्च करतात. दुसऱ्या मार्गाचे लोक परिस्थितीकडे बोट दाखवतात. संघाने आपली शक्ती दुसऱ्या मार्गाला लावावी असे बाबासाहेब म्हणतात आणि मग कामे सांगतात. पहिले काम नागरी हक्कांच्या मोहिमेचे : गावची विहीर, गावची शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने. यात दंगे होतील, डोकी फुटतील, फौजदारी खटले होतील, हे ते स्पष्ट लिहितात. म्हणून खेड्यापाड्यांत कार्यकर्त्यांची फौज हवी, जी दलितांना लढायला उभे करील आणि कोर्टात त्यांच्या पाठीशी राहील. दुसरे काम समान संधीचे. येथे त्यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांचा दाखला दिला आहे. विणकाम खात्यात पगार अधिक, पण तेथे अस्पृश्याला घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आडवा येई. तिसरे काम व्यवहारातल्या सहवासाचे, घरात प्रवेश देण्याचे. आणि शेवटी प्रश्न माणसांचा : हे काम करणार कोण? पोटासाठी कोणाचेही काम करणारे पगारी लोक उपयोगाचे नाहीत, ज्यांना या कामाची आच आहे तेच हवेत, आणि अशी माणसे प्रामुख्याने दलित वर्गातूनच मिळतील.

या पत्राला उत्तर आले नाही. संघाचे नाव पुढे 'हरिजन सेवक संघ' झाले. नावातला बदल बोलका आहे. हक्क गेला, सेवा आली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी संघाच्या मंडळावर घ्यावेत अशी मागणी घेऊन एक शिष्टमंडळ गांधीजींना भेटले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. अस्पृश्यता हे सवर्ण हिंदूंचे पाप, संघ हे त्यांचे प्रायश्चित्त, पैसाही त्यांनीच दिलेला; म्हणून संघ त्यांनीच चालवावा. या उत्तरात एक नैतिक डौल आहे हे मान्य केले पाहिजे. पण संघटनाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ असा होतो की, ज्याच्यावर अन्याय झाला तो या संघटनेत पक्षकारही नाही. तो दुसऱ्याच्या प्रायश्चित्ताचे साधन आहे. मला वाटते, पुढच्या साऱ्या हक्कवादी संघटनांच्या मागे हा प्रश्न उभा आहे, त्यांनी गांधीजींचे नाव घेतलेले असो वा नसो.

ऑगस्ट १९३६ मध्ये मुंबई शहरात दोन संघटना जन्माला आल्या. एक इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन; सन्माननीय अध्यक्ष रवींद्रनाथ ठाकूर, कार्याध्यक्ष सरोजिनी नायडू. दुसरी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष. एकाच शहरात, एकाच महिन्यात. दोन्हींचा एकत्र विचार कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही, कारण पहिली 'हक्कांची संघटना' आणि दुसरा 'राजकीय पक्ष' अशी विभागणी आपण आधीच करून टाकलेली असते. पण पुढच्या दोन वर्षांत काय झाले ते पाहा. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि सिव्हिल लिबर्टीज युनियनचा जोर ओसरला. ज्या सरकारला विरोध करायचा ते सरकारच आता आपले झाले होते. स्वतंत्र मजूर पक्षाने मात्र सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, महार वतनाचा प्रश्न धसास लावला; आणि मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणून संपावर बंधने घातली तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांच्या जोडीने एक दिवसाचा संप घडवून आणला. संप करणे म्हणजे स्वातंत्र्याचा हक्क वापरणे, आणि काम नाकारणाऱ्या मजुराला शिक्षा देणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असा युक्तिवाद बाबासाहेबांनी कायदेमंडळात केला. नागरी स्वातंत्र्याची कसोटी आपल्याच माणसांच्या राज्यात लागते, आणि १९३८ साली मुंबईत ती कोणाच्या बाजूने उतरली हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

घटनेविषयी दोन गोष्टी सांगून पुढे जातो. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असे सुचवले होते. महाराष्ट्राने तसा स्वतंत्र कायदा केला २०१६ मध्ये. दुसरी गोष्ट २९ नोव्हेंबर १९४८ ची. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम, आजचे सतरावे, त्या दिवशी घटना समितीत मंजूर झाले आणि कामकाजाच्या वृत्तांतात नोंद आहे ती 'महात्मा गांधी की जय' या घोषणेची. मसुदा समितीचा अध्यक्ष समोर बसलेला होता.

या पार्श्वभूमीवर १९७६ च्या संघटनेकडे पाहू. तिचे अध्यक्ष तारकुंडे हे आपल्या सासवडचे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, रॉयवादी, पदाचा मोह न ठेवता १९६९ मध्ये न्यायाधीशपद सोडून सर्वोच्च न्यायालयात वकिली करणारे, आणि आणीबाणीत न घाबरता उभे राहिलेले. मराठी माणसाला त्यांचा अभिमान वाटायला हवा आणि तो जितका वाटायला हवा तितका वाटत नाही, हेही येथे म्हटले पाहिजे. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नाही. संघटना ज्या जखमेतून जन्मली ती जखम कोणाची, हा आहे. आणीबाणीत मध्यमवर्गाला प्रथमच कळले की विनाचौकशी तुरुंगात टाकतात, न्यायालय हात वर करते, वर्तमानपत्र गप्प बसते. कीळवेणमणीच्या शेतमजुरांना हे १९६८ च्या नाताळातच कळलेले होते. तेथे चव्वेचाळीस माणसे झोपडीत जाळली गेली आणि पुढे उच्च न्यायालयातून जमीनदार सुटले.

आपल्याकडच्या नेत्यांनी त्या काळात काय केले हे झाकून ठेवण्याचेही कारण नाही. रिपब्लिकन पुढाऱ्यांपैकी आणि पँथरपैकी अनेकांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. त्यामागे लाचारी होती तसा एक हिशोबही होता. वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला. १९५५ चा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा कडक करून १९ नोव्हेंबर १९७६ पासून 'नागरी हक्क संरक्षण कायदा' या नव्या नावाने अमलात आला. तारखा पाहा. दिल्लीत नागरी स्वातंत्र्याची संघटना स्थापन झाल्यावर अवघ्या महिन्याभरात हा कायदा आला, आणि त्यात 'नागरी हक्क' या शब्दाची व्याख्या दिली आहे ती सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे माणसाला प्राप्त होणारे हक्क अशी. भारताच्या कायद्याच्या पुस्तकात नागरी हक्क या शब्दाचा अर्थ दलिताच्या हक्कापासून सुरू होतो! एकीकडे संघटनेचे नाव, दुसरीकडे कायद्याचे नाव. शब्द तोच आणि दोघांची गाठ पडलेली नाही. नागरिकांचे स्वातंत्र्य हिरावणाऱ्या सरकारने हा कायदा केला म्हणून तो आम्ही नाकारायचा, की कायदा मिळाला म्हणून सरकारचे बाकीचे पाप विसरायचे, या पेचातून त्या वेळच्या दलित नेतृत्वाला बाहेर पडता आले नाही. १९३८ चा धडा ते विसरले होते.

१९७७ च्या निवडणुकीनंतर जनता पक्षाचे राज्य आले आणि ही संघटना जवळजवळ झोपी गेली. संघटनेतलेच बरेच लोक आता सत्तेच्या बाजूला होते. ती पुन्हा उभी राहिली नोव्हेंबर १९८० मध्ये, इंदिरा गांधी परत आल्यावर, 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' म्हणजे पीयूसीएल या नावाने. मधल्या तीन वर्षांत काय घडले? मे १९७७ मध्ये बिहारात बेलछी; अकरा जणांना जाळले, त्यांतले आठ दलित. जुलै १९७८ मध्ये तमिळनाडूत विळुपुरम. बारा दलितांचे बळी. त्याच महिन्याच्या २७ तारखेला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे जळाले ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. जानेवारी १९७९ मध्ये सुंदरबनातल्या मरिचझांपीत नामशूद्र निर्वासितांची नाकेबंदी. देशपातळीवरची हक्कांची संघटना निद्रिस्त राहण्याचा काळ आणि दलितांवरील सामूहिक हल्ल्यांचा काळ एकच आहे. तारकुंडे स्वतः स्वस्थ नव्हते. आंध्रातल्या खोट्या चकमकींची त्यांच्या समितीने याच काळात चौकशी केली आणि ते काम मोलाचे होते. पण पुन्हा पाहा : गोळी पोलिसाची होती म्हणून चौकशी झाली.

पीयूसीएलच्या अध्यक्षपदावर आलेली मोठी नावे घेतली तर तारकुंडे, रजनी कोठारी, राजिंदर सच्चर, के. जी. कन्नबीरन. न्यायमूर्ती, प्राध्यापक, न्यायमूर्ती, वकील. चौघेही मोठे आणि चौघांपैकी एकही दलित नाही. एखाद्या संघटनेच्या शिरोभागी कोण हे पाहून तिचे सगळे काम मोडीत काढणारी टीका आपल्याकडे होते. मला ती आळशी वाटते. दिल्लीची शाखा वेगळी होऊन जी पीयूडीआर झाली, तिने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांचा खटला चालवला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे ही तेविसाव्या कलमाखालची वेठ आहे, असा निकाल न्यायमूर्ती भगवतींनी दिला. (१९७६ च्या त्या निकालात बहुमताच्या बाजूला हेच भगवती होते, हे जाता जाता.) त्याच निकालात असेही म्हटले आहे की सतरा, तेवीस, चोवीस ही कलमे सरकारपुरती नाहीत, ती खासगी माणसाविरुद्धही चालतात. म्हणजे बाबासाहेबांनी १९३२ च्या पत्रात जे सांगितले ते न्यायालयाच्या तोंडून येण्यासाठी पन्नास वर्षे गेली. आणि ते एका नागरी हक्क संघटनेच्या अर्जावर आले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. २००१ साली पीयूसीएलच्याच याचिकेवरून अन्नाच्या हक्काचा खटला उभा राहिला आणि शाळेतल्या शिजवलेल्या जेवणाचे आदेश निघाले. तो घास आमच्याच मुलांच्या तोंडात गेला.

सिद्धांताच्या पातळीवर खरे मंथन झाले ते आंध्रात. १७ जुलै १९८५ रोजी कारमचेडू येथे कम्मा जमीनदारांनी सहा मादिगांना ठार केले. वाचलेले लोक चिराला गावी आले आणि त्यांनी परत जायचे नाकारले. त्या छावणीतून दलित महासभा उभी राहिली. कत्ती पद्माराव, बोज्जा तारकम् ही तिची माणसे. तारकम् वकील, नागरी हक्कांच्या लढ्यात आधीपासून असलेले. येथे नेतृत्व छावणीतूनच वर आले, हा फरक महत्त्वाचा. १९९१ मध्ये चुंडूरला आठ दलित मारले गेले. खटल्यासाठी विशेष न्यायालय गावातच बसले, २००७ मध्ये एकवीस जणांना जन्मठेप झाली, २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले. या घटनांची दखल घेतल्याशिवाय हक्कांचा विचार पुढे जाऊच शकत नाही हे ओळखणारा माणूस के. बालगोपाल. गणिताचा प्राध्यापक, पुढे वकील, आंध्र प्रदेश नागरी स्वातंत्र्य समितीचा दीर्घकाळ सरचिटणीस. सत्ता फक्त सरकार आणि वर्ग यांच्याच ठायी नसते. जातीची, पुरुषाची, धर्माची सत्ता स्वतंत्रपणे हक्क चिरडते आणि सरकारविरोधी बंदूकही माणसाचा हक्क चिरडू शकते, ही त्यांची भूमिका जुन्या सहकाऱ्यांना पटली नाही. १९९८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी 'ह्यूमन राइट्स फोरम' स्थापन केला. संघटना विचारावरून फुटली, पदावरून फुटली नाही, असे उदाहरण आपल्या रिपब्लिकन पक्षाच्या गटांना दाखवावे असे आहे.

सरकारी आयोगाविषयी फार लिहित नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ साली कायद्याने आला, त्याच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, आणि घटनेला एक वर्ष उलटून गेले की त्याला चौकशी करता येत नाही. ज्याची फिर्याद नोंदवून घेण्यातच वर्ष जाते त्याने काय करावे? २०१० ते २०१५ या काळात न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन अध्यक्ष होते, देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश. त्यांच्या नेमणुकीचा आनंद आपण सर्वांनी मानला. ते एक वर्षाचे कलम तेव्हाही होते आणि आजही आहे.

१९९८ मध्येच 'नॅशनल कॅम्पेन ऑन दलित ह्यूमन राइट्स' ही मोहीम उभी राहिली. गुजरातचे मार्टिन मकवान तिचे निमंत्रक. पॉल दिवाकर, रूथ मनोरमा ही त्यातली ठळक नावे. देशपातळीवर दलितांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली 'मानवी हक्क' हा शब्द प्रथम असा ठामपणे हाती घेतला. २००१ च्या दरबान परिषदेत जात हा वंशभेदाच्या चर्चेत आणण्याचा प्रश्न त्यांनी पेटवला, भारत सरकारने विरोध केला, आणि पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने जन्माधारित भेदभाव त्या कराराच्या कक्षेत येतो असे म्हटले. हा विजय लहान नाही. परंतु महाडला परिषद होती, तिला गावोगावचे लोक स्वतःच्या भाकऱ्या बांधून आले होते. त्यांच्यासमोर नेत्याला उत्तर द्यावे लागत होते. मोहिमेच्या पद्धतीच्या संघटनेत सभासद नसतात, लाभार्थी आणि कर्मचारी असतात. देणगी देणाऱ्याला अहवाल जातो. वस्तीला कोणता अहवाल जातो? नेतृत्व दलिताचे झाले म्हणजे १९३२ च्या पत्रातला शेवटचा मुद्दा पुरा झाला असे मानता येणार नाही. पगारी माणसाविषयी बाबासाहेबांनी जी शंका घेतली होती तिला जात नव्हती.

साहित्याचा विद्यार्थी म्हणून आता सत्यशोधन अहवाल या लेखनप्रकाराविषयी थोडे बोलायचे आहे. या अहवालांना आपण मराठीत 'सत्यशोधन' म्हणतो. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी ज्या अर्थाने तो शब्द वापरला त्याच्याशी या अहवालांचे नाते पुष्कळदा नावापुरतेच असते. अहवालात गाव येते, लोकसंख्या येते, जातवार घरे येतात, मग घटनेचा दिवस, वेळ, हत्यारे, पोलिसांची वागणूक, शिफारशी. हे सर्व हवेच. न्यायालयात तेच उपयोगी पडते, आणि मराठवाड्याच्या दंगलीवर अत्याचार विरोधी समितीने १९७९ मध्ये जो अहवाल दिला त्याच्याशिवाय त्या दंगलीचे वर्गीय आणि जातीय स्वरूप आपल्याला इतके नीट कळले नसते. पण या लेखनात दलित माणूस मार खाल्ल्याच्या दिवशी जन्माला येतो. त्याआधी तो काय विचार करीत होता, त्याने गावाशी कोणता दावा मांडला होता, कोणाला नमस्कार करायचे त्याने सोडले होते, हे क्वचितच येते. मराठवाडा जळाला त्याच १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. आत्मकथनांतला माणूस हल्ल्याच्या आधीपासून जिवंत असतो. तो चुकतो, लबाडीही करतो, हसतो. खैरलांजीच्या भोतमांगे कुटुंबाविषयी २००६ नंतर किती लिहिले गेले! त्यात त्यांनी शेतीच्या वाटेसाठी दिलेली टक्कर, मुलीचे शिक्षण, साक्ष देण्याचे धाडस हे विषय काही थोड्यांनीच पुढे आणले. कनिष्ठ न्यायालयाने तर हा जातीय अत्याचार आहे हेच मानले नाही. माणूस फक्त बळी म्हणून नोंदला गेला की त्याच्या बंडाचा पुरावाही हरवतो, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जातीचा हेतू सिद्ध करताना तोच पुरावा लागतो.

अहवाल लिहिणाऱ्यांतही एक उतरंड आहे. काही वर्षांपूर्वी एका संघटनेच्या समितीबरोबर मी एका गावी गेलो होतो. संघटनेचे नाव सांगण्याची गरज नाही. वस्तीत लोकांना बोलते करणे, त्यांची बोली पाहुण्यांना समजावून देणे, रात्री जबान्या उतरून काढणे हे माझ्याकडे आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांकडे होते. निष्कर्ष पुण्यात लिहिले गेले. अहवाल आला तेव्हा समितीत सहा नावे होती आणि शेवटी 'स्थानिक मित्रांचे आभार' होते. मान दुखावला म्हणून हे लिहीत नाही. निष्कर्षांत वस्तीतल्या एका बाईची मागणी गळाली होती. तिला नुकसानभरपाईच्या आधी गायरानाचा सातबारा हवा होता. ज्याला तिची बोली कळत होती तो निष्कर्षाच्या खोलीत असता तर ती गळाली नसती.

तर मग वेगळी चूल मांडावी काय? तरुण कार्यकर्ते हा प्रश्न फार त्वेषाने विचारतात. माझे मत नाही असे आहे. सरकार जेव्हा उचलते तेव्हा ते चूल पाहत नाही. सुधा भारद्वाज पीयूसीएलच्या, आनंद तेलतुंबडे मुंबईच्या लोकशाही हक्क संरक्षण समितीचे. भीमा कोरेगावच्या प्रकरणात दोघांनाही वर्षानुवर्षे तुरुंगात राहावे लागले, आणि तेलतुंबडे यांच्या अटकेची तारीख होती १४ एप्रिल २०२०. अशा वेळी जामिनासाठी वकील, निषेधाचे पत्रक, तुरुंगाबाहेर ताटकळणारी माणसे या जुन्या संघटनांकडूनच मिळतात. त्या मोडून आपले काही भले होणार नाही. मात्र सभासद व्हायचे तर आभाराच्या ओळीत बसण्यासाठी होऊ नये. तालुक्याची शाखा काढावी, तिचे निष्कर्ष तिनेच लिहावेत, राज्याच्या कार्यकारिणीत भांडावे, आणि कोणत्या घटनेवर समिती जाईल हे ठरवणाऱ्या बैठकीत आपला माणूस असावा. बहिष्कार पडलेल्या गावात पोलिसांची गोळी सुटलेली नसली तरी समिती गेली पाहिजे, हा ठराव आधी करून घ्यावा.

आमच्या महाविद्यालयातले पाच विद्यार्थी यंदा अशा एका संघटनेचे सभासद झाले. अर्ज भरण्यापूर्वी त्यांनी ठक्करबाप्पांना लिहिलेले ते पत्र एकत्र बसून वाचले. विहिरी, शाळा, चावडी यांची पाहणी दिवाळीपर्यंत आटोपली. सध्या ते दुसऱ्या मुद्द्यावर आले आहेत : तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, कोणाकोणाला कामावर घेतात याची ते पाळीवार यादी करीत आहेत. दोन कारखान्यांच्या फाटकावरून त्यांना परत पाठवले. तेथे ते आता पाळी सुटण्याच्या वेळी बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसतात.